पगारी टीमची चूल

माणूस हरला की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. साफ खोटं आहे. एक अख्खा हिवाळा मी हरणाऱ्या माणसांना दोन्ही वेळ जेवू घातलं आणि एकानेही कधी भाकरी परत केली नाही. उलट जितके गोल जास्त तितकी भूक जास्त. आठ गोल खाऊन आले की वरणाचं पातेलंसुद्धा पुसून खायचे.

ही टीम लातूरची. हाकीची, आणि पगारी. नांदेडला त्या टीमची गोष्ट निघाली की म्हातारी माणसं अजून तोंडावर हात धरून हसतात. माझा नवरा त्या टीमचा गोलकीपर होता, म्हणून मी हसत नाही. मला राग येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो.

निजामाच्या राज्यात तेव्हा हाकीचं भलतंच खूळ होतं. हैदराबादेत पलटणी खेळायच्या, पोलीस खेळायचे, कॉलेजातली बड्या घरची पोरं खेळायची. ते बघून नांदेडच्या गिरणीवाल्यांनी आणि ठेकेदारांनी आपापल्या टीमा काढल्या. जुम्म्याची सुट्टी असायची. दुपारची नमाज झाली की ग्राउंडावर मॅच, आणि हे हिवाळाभर चालायचं. लातूरच्या अप्पांना हे बघवलं नाही. नांदेडकरांची टीम आणि लातूरची नाही म्हणजे काय.

अप्पा म्हणजे लातूरच्या अडत बाजारातले मोठे व्यापारी. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, डोक्याला फेटा आणि खांद्यावर लाल काठाचा रुमाल. सरकीचा धंदा होता, नांदेडलाही दुकान होतं. अप्पा सोमवारी जेवत नाहीत आणि कधीच खोटं बोलत नाहीत, असं लोक म्हणायचे. सोमवारचं मी पाहिलेलं नाही. दुसरं मात्र खरं होतं, आणि पुढे त्याचंच सगळं रामायण झालं.

तेव्हा बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा हातात हात घेत, वरून रुमाल टाकत आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवत. बाजूला उभ्या माणसाला काही कळायचं नाही. रुमाल उचलला की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी शब्द फिरायचा नाही. अप्पांनी सरकी अशीच घेतली, बैल असेच घेतले, आणि हाकीची टीमही अशीच घेतली. हैदराबादचा एक दलाल आला, अप्पांनी रुमाल टाकला, टीम झाली. बैल घ्यायचा तर माणूस त्याचे दात बघतो, चार पावलं चालवून बघतो. ह्यांतल्या एकालाही अप्पांनी पळवून बघितलं नाही.

माल आला तेव्हा कळलं काय आलंय ते. कप्तान सिकंदराबादचा. त्याचं एकेकाळी म्हणे मोठं नाव होतं. आता गुडघ्यांना वाताचं तेल चोळल्याशिवाय तो ग्राउंडात उतरायचा नाही. बाकीच्यांत कुणाला ढेरी, कुणाला दमा, एकाला तर लांबचं दिसायचंच नाही. दलालाने वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल अप्पांच्या गळ्यात मारला होता. आणि त्या मालात गोलकीपर नव्हताच.

गोलकीपर कसा निवडला ते ऐका. आमचे हे अडतीत हमाल होते. गाडीवरून फेकलेलं पोतं अंगावर झेलायचं, वळायचं आणि मागच्या थप्पीवर ठेवायचं, हे त्यांचं काम. ह्यांच्या हातून पोतं कधी खाली पडलं नाही, हे मी पण मान्य करते. अप्पा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "जो पोतं सोडत न्हाई, तो चेंडू काय सोडंल?" झालं. नवरा माझा गोलकीपर.

पहिल्याच मॅचला ह्यांच्याकडे चेंडू आला. ह्यांनी तो सफाईने झेलला, छातीशी धरला, वळले आणि मागे ठेवला. मागे गोल होता. समोरच्या टीमला आधी कळेचना की टाळ्या वाजवाव्यात का नाही.

पण माझं आधी सांगते, म्हणजे मी त्या लोकांवर इतकी का चिडते ते कळेल.

माझं माहेर अहमदपूरचं आणि सासर जळकोटचं. सासरी मी तिसरी सून. मोठ्या जाऊबाईंच्या हाती चूल, मधलीच्या हाती जातं आणि माझ्या हाती राख. चूल सारवायची मी, राख काढायची मी, भांडी घासायची मी. पेटवायची मात्र जाऊबाईंनी. एकदा त्या शेजारी गेल्या होत्या म्हणून मी आपण होऊन आमटीला फोडणी दिली. परत आल्यावर त्यांनी ते पातेलं उचललं आणि गोठ्यात नेऊन म्हशीपुढे ओतलं. सासूबाई म्हणाल्या, "तिची चूल हाय, ती बघंल." आमचे हे लातूरला अडतीतच झोपायचे, सणावाराला घरी यायचे. पुढच्या सणाला मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते जरा विचार करून म्हणाले, "मग म्हशीनं खाल्ली का?"

अशा माणसाशी माझं लग्न झालं होतं.

तर टीमला हिवाळाभर नांदेडात ठेवायचं ठरलं आणि जेवणाचा प्रश्न आला. आपल्या पैशावर मटण-मासळी शिजणार नाही, अशी अप्पांची अट. हॉटेलवाला कशाला ऐकतोय. तेव्हा आमचे हे आयुष्यात एकदाच शहाणपणाचं वाक्य बोलले. म्हणाले, "अप्पा, माझी बायको रांधते की." लगेच जळकोटला निरोप आला. जाऊबाई म्हणाल्या, "हिला कुठं येतंय रांधायला?" मी लुगडी बांधली आणि निघाले.

नांदेडला ग्राउंडाला लागूनच अप्पांनी हंगामापुरती जागा भाड्याने घेतली होती. दोन पत्र्याच्या खोल्या, पुढे मोठं आवार, आवारात विहीर. जागा एका ठेकेदाराची. ह्या ठेकेदाराची स्वतःची टीम होती, नांदेडात सगळ्यांत तगडी, आणि शिवाय रस्त्याच्या पलीकडे त्याची एक खानावळ होती. पहिल्या दिवशी मी माती कालवली, त्यात शेण आणि भुस्सा घातला आणि माझ्या हाताने चूल घातली. शेजारी दुसरं भांडं ठेवायला वैलही काढला. चूल वाळली, मी पहिला जाळ केला आणि तिथेच बसून रडले. मला कुणी विचारलं असतं ना, की बाई तुला काय पाहिजे, तर मी दुसरं काही मागितलं नसतं.

म्हणून सांगते, त्या टीमचं हरणं लोकांना गंमत होती, मला नव्हती. दुसरी का तिसरी मॅच हरल्यावर अप्पा आवारात आले, बाजेवर बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मंदी हाय. धंद्यात मंदी येते. पण एक तरी मॅच जिंकून दाखवा. जिंकलात तर टीम पुढच्या सालीपण ऱ्हाईल." मग आमच्या ह्यांच्याकडे वळले. "तुला नांदेडच्या दुकानात वजनकाट्यावर बसवतो. ह्या दोन खोल्या तुझ्या. न्हाईतर ज्याचा त्यानं आपापला गाव गाठायचा." मी आत भाकरी थापत होते. माझा हात परातीतच थांबला. एक मॅच. जगातली कुठलीही टीम एक मॅच चुकून तरी जिंकते. मला वाटलं, हे तर होणारच.

मला काय ठाऊक, कुणाशी गाठ आहे.

आवाराच्या भिंतीपलीकडेच एका बाजूचा गोल होता. सरपणाच्या ढिगावर चढलं की सगळं ग्राउंड दिसायचं. बायकांसाठी तिकडे कनात लावलेली असायची, पण मला चुलीवर लक्ष ठेवायचं असायचं म्हणून मी ढिगावरूनच बघायची. अर्ध्या मॅचभर माझ्या नवऱ्याची पाठ माझ्यासमोर. बाई गं, ती पाठ. चेंडू डावीकडून यायचा तेव्हा ती उजवीकडे जायची. चेंडू मागे ठेवायची सवय कप्तानाने शिव्या देऊन मोडली, तर मग हे चेंडू झेलायचंच विसरले. रात्री जेवताना म्हणाले, "पोतं कसं, येताना दिसतं तरी. चेंडू लई बारका हाय."

प्रत्येकाकडे असं काहीतरी तयार असायचं. नाचता येईना अंगण वाकडं. कप्तान म्हणायचा, ग्राउंड खराब है. ढेरीवाला म्हणायचा, ज्वारीच्या भाकरीने पोट जड होतं. जड होतं तर चार कमी खा की. एकाने तर माझ्या अंबाडीच्या भाजीवर खापर फोडलं, आंबट खाल्ल्याने पाय आखडतात म्हणून. दुसऱ्या दिवशी मी त्याला अंबाडीच वाढली, वरून लसणाची फोडणी घालून. दोनदा मागून खाल्ली.

सराव करायचे म्हणाल तर सकाळी थोडा. सोमवारी तोही नाही. अप्पांच्या घरी सोमवारी बैल जुंपत नसत, नंदीचा वार म्हणून. अप्पा म्हणाले, मुक्या जनावराला सुट्टी आणि माणसाला न्हाई, असं कसं? अप्पांचं मन चांगलंच होतं हो. पण ह्या लोकांना एरवी जुंपलेलं कुणी बघितलं होतं?

सुरुवातीला जेवायला दोन पंगती बसायच्या, हिंदूंची ओसरीवर आणि मुसलमानांची आवारात. अप्पांनीच तसं सांगितलं होतं. चार-पाच मॅचेस हरल्यावर ह्या पंगती मोडल्या. काही शहाणपण आलं म्हणून नव्हे. पुढे खेळणारे म्हणायचे मागचे गाढव आहेत, आणि मागचे म्हणायचे पुढचे. त्यामुळे पुढचे ओसरीवर जेवायला लागले आणि मागचे आवारात. आमचे हे एकटेच विहिरीपाशी. त्यांच्याशी दोन्ही बाजू बोलत नव्हत्या.

नांदेडच्या बाजारात भाजीवाली मला कोथिंबीर फुकट द्यायची. "घे माय, तुझं तर लई वाईट चालू हाय." मला ती कोथिंबीर तिच्या तोंडावर फेकावीशी वाटायची. पण घ्यायची, वरणात घालायची. रस्त्यात एखाद्याचा बैल बसला तरी लोक म्हणायचे, लातूरच्या टीमचा दिसतो. असा अख्खा हिवाळा गेला. माघ संपत आला, ऊन कडक व्हायला लागलं, आणि एकच मॅच उरली. ती पण ठेकेदाराच्या टीमशी. नांदेडातल्या सगळ्यांत तगड्या टीमशी.

मी आशा सोडली होती. चुलीला आदल्या दिवशी पोतेरं फिरवलं तेव्हा मनात म्हटलं, हे शेवटचं.

पण दैव कसं असतं बघा. ठेकेदाराच्या घरी त्याच दिवशी पोरीच्या लग्नाची दावत होती. त्याची सगळी टीम सकाळपासून तिथे बिर्याणीवर तुटून पडलेली. लातूरच्या टीमला हरवायला उपाशी कशाला राहायचं, असा त्यांचा विचार, आणि तो चुकीचा पण नव्हता. सगळे तुडुंब होऊन ग्राउंडात उतरले. पळता येईना, वाकता येईना. एकजण कडेला बसून ढेकर देत होता. अशात आमच्या कप्तानापुढे चेंडू आला. त्याने काठी फिरवली. डोळे मिटून फिरवली असेल तर ठाऊक नाही. चेंडू गोलमध्ये गेला.

टाळ्या वाजल्या नाहीत. कुणाला खरंच वाटलं नाही. मग सगळ्या ग्राउंडाने एकदम हंबरडा फोडल्यासारखा आवाज केला. मी ढिगावरून खाली उतरले, थेट आत गेले आणि हरभऱ्याची डाळ शिजायला टाकली. पुरण घालायचं. माझ्या चुलीवर, माझ्या घरात, माझ्या मनाने.

डाळीखाली जाळ नीट लावून मी परत ढिगावर चढले. हाफटाईम झाला होता. आम्ही एका गोलने वर. ठेकेदाराची टीम गवतावर आडवी पडलेली. आता ह्यांनी नुसतं उभं राहायचं होतं. चेंडू येईल त्याच्या आड उभं राहायचं. खांब पण ते करू शकतो.

ग्राउंडाच्या आमच्याकडच्या कोपऱ्याला मंडपात साहेब लोकांच्या खुर्च्या होत्या. तिथे अप्पा आणि दावत उरकून आलेला ठेकेदार शेजारी शेजारी बसले होते. अप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

मी पाहिलं. मला काही वाटलं नाही. व्यापारी माणूस, कुठेही बसला तरी सौदा करणार. पण आमची टीम पाणी प्यायला त्याच बाजूला उभी होती, आणि ही सगळी माणसं त्याच रुमालाखालून विकत आलेली. कप्तानाने पाण्याचा लोटा खाली ठेवला. "देखो, रुमाल पड गया," तो म्हणाला. "बुड्ढा बेच डाला हमना." भिंतीपाशीच बोलत होते, मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. ढेरीवाला म्हणाला, मॅच विकली. दुसरा म्हणाला, एकट्या अप्पाने नाही विकली, आपल्यातलाही कुणीतरी सामील असणार. तिसऱ्याने लगेच कप्तानाकडे बघितलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. कुणी अप्पांपर्यंत जाऊन विचारलं का? पन्नास पावलांवर तर बसले होते. पण नाही. विचारलं तर कळलं असतं.

पुढचा खेळ मी कशाला सांगू. पुढच्यांनी मागच्यांकडे चेंडू द्यायचं बंद केलं, की हा विकलेला. मागच्यांनी अडवायचं बंद केलं, की ठरलंच आहे तर कशाला गुडघे फोडायचे. दोघं तर मधोमध उभे राहून भांडत होते, "तू कित्ता लिया, बोल," आणि चेंडू त्यांच्या मधून गेला. आणि माझा नवरा? तो गोलमध्ये उभा राहून चेंडूकडे नाही, मंडपाकडे बघत होता. आपल्याला काही खूण होते का म्हणून. पोट धरून धरून चालणाऱ्या त्या बिर्याणीवाल्यांनी एकामागून एक गोल केले. शेवटचा गोल तर चेंडू आपला गडगडत आला, ह्यांच्या दोन पायांमधून. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते मी लाकडाच्या ढिगावर उभी राहून बघितलं.

मॅच संपल्यावर सगळे आवारात आले. हे गरम पाणी घ्यायला आत आले तेव्हा मी तांब्या दिला नाही. म्हटलं, "विकली असंल तर अप्पानं विकली. तुम्ही कशाला माल पोचवायला धावलात?" हे म्हणाले, "सौदा झाल्यावर आपण काय करणार?" मी म्हटलं, "चेंडू अडवायचा. दुसरं काय काम होतं तुम्हाला?" पालथ्या घड्यावर पाणी.

एवढ्यात अप्पा आले. म्हातारा पांढराफटक पडला होता. बाजेवर टेकले. "तुमाला काय झालं रे? वर होतात की," म्हणाले. कप्तान गुर्मीत होता. म्हणाला, "आप सौदा कर लिए. हम क्या करते?"

"कशाचा सौदा?"

"मॅच का. रुमाल के नीचे. सब देखे."

अप्पा त्याच्याकडे बघतच राहिले. मग सगळ्यांकडे बघितलं, एकेकाकडे. "ह्या जागेचा सौदा केला रे," ते म्हणाले. "ह्या खोल्यांचा. ठेकेदार पुढच्या साली द्यायला तयार न्हवता. तुम्ही वर होतात, मला उमेद आली. म्हणलं, टीमची घडी आता बसली, जागा हातची जायला नको. दोन सालासाठी घेतली."

ढेरीवाला पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. आमचे हे माझ्या शेजारी दारात उभे होते, हळूच मला म्हणाले, "आता काय, काही पण सांगंल." अप्पा, जे कधी खोटं बोलले नाहीत, ते ह्यांच्या लेखी खोटे. का, तर अप्पा खरे ठरले तर हे कोण ठरणार?

अप्पा उठले. टीम बंद, म्हणाले. सकाळी आपापला पगार घ्या आणि जा. ह्यांना म्हणाले, "तू पण जळकोटला जा बाबा. अडतीत तुझ्या जागी दुसरा गडी घेतलाय."

मी आत गेले. डाळ शिजून मऊ झाली होती. मी ती वाटली, पुरण घातलं, पोळ्या केल्या, आणि त्या लोकांना वाढल्या. खाल्ल्या हो. अख्खा हंगाम हरून पुरणपोळी खाणारी दुसरी टीम नसेल. मी चुलीपुढे बसले होते आणि मला जाऊबाईंचा चेहरा दिसत होता. परत राख. परत म्हस. त्या म्हणणार, मी म्हणलं न्हवतं का, हिला कुठं येतंय? आणि खरं बघितलं तर चुलीवर मी हरले नव्हते. माझी भाकरी एक दिवस करपली नव्हती. हरले ते हे सगळे, आणि चूल फोडायची मी.

मला इतका संताप आला की मी उठले, डोक्यावरून पदर नीट घेतला आणि बाहेर आले. अप्पा वहाणा घालत होते. तोवर मी अप्पांशी कधी थेट बोलले नव्हते.

"अप्पा," मी म्हटलं, "ह्या जागेचं काय करणार?"

अप्पा थांबले. "काय करणार, बाई. घेतली ती घेतली. रुमालाखालचा शब्द हाय, फिरवता येत न्हाई."

"मग दोन साल कुलूप लावून ठेवणार?"

अप्पांनी दुसरी वहाण पायात सरकवली. मी म्हटलं, "तुमचे गाडीवाले लातूरहून सरकी घेऊन येतात. ते कुठं जेवतात? रस्त्यापलीकडं, ठेकेदाराच्या खानावळीत. म्हणजे भाडं तुम्ही त्याला देणार, जेवणाचे पैसे पण त्यालाच. अन् तुमच्या भाड्याच्या जागेत तयार चूल हाय ती गार पडू देणार."

मागे आमचे हे पुटपुटले, "काय बोलून राहिलीस गं." मी वळून पण बघितलं नाही.

अप्पांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. व्यापाऱ्याला हिशेब कळतो, तो कुणीही सांगू दे. त्यांचा हात सवयीने खांद्यावरच्या रुमालाकडे गेला. मग त्यांच्या लक्षात आलं, समोर बाईमाणूस आहे, हात कसा धरणार. हात तसाच खांद्यावर राहिला.

"रुमाल ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "माझं उघड्यावर असतंय. समद्यांनी ऐकू द्या." आणि टीम पोळ्या खात बसलेली असताना, सगळ्यांच्या देखत मी बोलले. जागा तुमची, सरपण-धान्य माझं, तुमच्या गाडीवाल्यांना मी स्वस्तात वाढीन, बाकी गिऱ्हाइकांचं मी बघेन. दोन साल. अप्पांनी मान हलवली. म्हणाले, "हाव. दिली." बस्, एवढंच.

ती खानावळ दोन साल नाही, जन्मभर चालली. निजाम गेला, त्याचा हाली रुपया गेला, जुम्म्याची सुट्टी जाऊन रविवारची आली. ती जागा पुढे मी ठेकेदाराच्या पोरांकडून विकत घेतली. जाऊबाई माहूरच्या देवीला निघाल्या की वाटेत आमच्याकडे उतरायच्या. मी त्यांना पाटावर बसवून वाढायची आणि आमटीला फोडणी जरा जास्तच द्यायची.

आणि आमचे हे पाणी वाढायचे. त्यात चूक होत नसे, तांब्या मोठा असतो, दिसतो. पण गिऱ्हाईक जरा टेकलं की ह्यांचं सुरू. "मी लातूरच्या टीमचा गोलकीपर. आम्ही जिंकत होतो. मालकानं मॅच विकली. ह्या डोळ्यानं बघितली." मी किती वेळा सांगितलं, अहो, ज्या सौद्याला शिव्या घालता त्याच सौद्याच्या छपराखाली बसून खाताय. हे म्हणायचे, "हाव, पण विकली ती विकलीच." विकला गेलो म्हणायला ह्यांना लाज नव्हती. मूर्ख ठरलो म्हणायला होती.

एकदा अप्पा आले. फार म्हातारे झाले होते, काठी टेकत आले आणि कोपऱ्यात जेवायला बसले. ह्यांनी ओळखलं नाही. दोन गाडीवाल्यांना टीमची गोष्ट रंगवून सांगत होते. मी खुणा केल्या, पण तोंडाला कुलूप कोण लावणार. अप्पा खाली मान घालून जेवत होते. गोष्ट संपली, "विकली मॅच ठेकेदाराला," हे म्हणाले. तेव्हा अप्पांनी हात धुतला, मान वर केली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "भाव काय आला होता?"

ह्यांनी अप्पांना ओळखलं आणि तांब्या खाली ठेवला. इतकी वर्षं गोष्ट सांगितली, पण भावाचा विचारच कधी केला नव्हता. जी टीम हिवाळाभर फुकट हरली, तिचं हरणं कोण कशाला विकत घेईल? अप्पांनी जेवणाचे पैसे माझ्यासमोर ठेवले, चुलीकडे एकवार बघितलं आणि गेले.

त्या दिवशी हे कुणाशी बोलले नाहीत. मला वाटलं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं. दुसऱ्या दिवशी एक नवं गिऱ्हाईक आलं. ह्यांनी पाणी दिलं, शेजारी बसले आणि गोष्ट सुरू केली. आता तिच्यात भाव पण होता, आणि चांगला घसघशीत होता.